हुशारीची गोळी

उज्ज्वला महाजन पारोळ्याला बारावी सायन्स पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन सुरतेला, डिंडोलीत आली. नवरा लक्ष्मण कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला होता. आठ वर्षं तिने घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवल्या. मग सोसायटीच्या नाक्यावरच्या भूपेंद्रभाईंच्या मेडिकलमध्ये झाडझूड आणि खोकी लावायचं काम मिळालं. चार-पाच वर्षांत ती काउंटरवर उभी राहायला लागली. डॉक्टरांचं अक्षर भूपेंद्रभाईंना लागलं नाही तर ते कागद तिच्यापुढे सरकवायचे.

भूपेंद्रभाई साठीचे, एकटेच दुकान चालवणारे. त्यांनीच एक दिवस विषय काढला. "उज्ज्वलाबेन, तुम्ही सायन्सवाल्या आहात. फार्मसीचा डिप्लोमा करून टाका. मी किती दिवस बसणार इथे?"

अडतिसाव्या वर्षी ती आपल्या मुलीच्या वयाच्या पोरींमध्ये जाऊन बसली. सकाळी कॉलेज, संध्याकाळी दुकान. दोन वर्षांचे सगळे पेपर निघाले, एक सोडून. औषधशास्त्राचा पेपर दोनदा गेला. कुठलं औषध कुठल्या गटातलं, शरीरात काय करतं, त्याने त्रास काय होतो, हे सगळं रात्री पाठ व्हायचं आणि सकाळी पुसलेल्या पाटीसारखं कोरं. तिसऱ्या परीक्षेला सव्वा महिना उरला, तेव्हा ती लक्ष्मणला म्हणाली, "मनं डोकं आते चालत नही. वय व्हई गये."

त्या रविवारी मुलगी जयश्री दोघांना सिनेमाला घेऊन गेली. परदेशी सिनेमा, हिंदीत बोलणारा. टपाल खात्यातला एक बावळट कारकून चुकून एक गोळी खातो आणि त्याची बुद्धी शंभरपट होते. आठवड्यात सात भाषा शिकतो, बँकांची कुलपं नुसती ऐकून उघडतो. मग गोळी बनवणाऱ्या कंपनीचे मारेकरी त्याच्या मागे लागतात. पाठलाग, गोळीबार, जळणारी जहाजं. लक्ष्मण मध्यंतरानंतर झोपला. उज्ज्वला मात्र डोळे न मिटता बघत राहिली. जहाजं तिच्या लक्षात राहिली नाहीत. कारकून एक जाडजूड पुस्तक भराभर उलटतो आणि मिटून ठेवतो, तेवढंच लक्षात राहिलं.

सिनेमा चालला. क्लासची मुलं दुकानात येऊन आडून आडून विचारू लागली, "ताई, ती डोकं चालायची गोळी येते का?" एक साडीवाले गृहस्थ मुलासाठी मागायला आले. उज्ज्वला सगळ्यांना एकच सांगायची, "अशी गोळी नसते. झोप घ्या, जेवा, अभ्यास करा." सांगताना तिला ठाऊक होतं की परत पाठवायच्या खोक्यात गोळ्यांचा एक पत्ता पडलेला आहे. झोप अनावर होण्याच्या आजारावरची गोळी. एका रखवालदाराला डॉक्टरांनी लिहून दिली होती, तो गावी गेला, त्याचा भाऊ न फोडलेला पत्ता आणून देऊन गेला होता. ती गोळी घेतली की माणूस टक्क जागा राहतो आणि लक्ष एका जागी बसतं, असं तिने पुस्तकातच वाचलं होतं.

बुधवारी दुपारी दोन वाजता भूपेंद्रभाई जेवायला घरी गेले. चारपर्यंत दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं आणि ती आत अभ्यासाला बसायची. त्या दिवशी तिने पत्त्यातली एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली.

पाऊण तास काहीच झालं नाही. मग डोकं एकदम स्वच्छ झालं. पुस्तक उघडायच्या आधी तिची नजर समोरच्या कप्प्यांवर गेली. खोकी वेडीवाकडी होती. ती नीट करावीत म्हणून उठली. एक कप्पा झाला, मग वाटलं, सगळाच माल अक्षरांच्या क्रमाने का नसावा? 'ए'पासून लावायला घेतलं. तहान नाही, थकवा नाही, हात थांबत नव्हते. साडेचारला भूपेंद्रभाई आले तेव्हा ती स्टुलावर उभी राहून 'पी' लावत होती. वीस वर्षांची मांडणी पार मोडली होती. पुस्तकाचं पान उघडलेलंच नव्हतं.

बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. भूपेंद्रभाईंनी सवयीने डावीकडे हात घातला आणि हाताला भलतंच खोकं लागलं.

"बेन, आ शुं कर्युं?"

ती खाली उतरली. छाती इतकी धडधडत होती की तिला स्वतःलाच ऐकू येत होती. तिने काही लपवलं नाही. कुठला पत्ता, किती वाजता, एकच गोळी, सगळं सांगितलं.

भूपेंद्रभाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि रक्तदाब मोजला. वरचा आकडा एकशे बासष्ट होता. शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, उतरेल, पण आज हिला एकटं ठेवू नका. मग भूपेंद्रभाई हळू आवाजात म्हणाले, "चिठ्ठीशिवाय तुम्ही कोणाला काही देत नाही. म्हणून मी दुकान तुमच्यावर टाकून जेवायला जातो." ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

जयश्री येऊन तिला रिक्षाने घरी घेऊन गेली. संध्याकाळी लक्ष्मण आला, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "नापास व्हती तरी चालनं असतं. तुले काही व्हतं तं?" ती पहाटेपर्यंत जागी होती. डोळे उघडे, डोकं दुखत होतं आणि एक ओळ वाचवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली ती काम सुटलं असं धरूनच. भूपेंद्रभाईंनी पत्ता पाकिटात घालून, एक गोळी कमी असल्याची चिठ्ठी लावून ठेवला होता. म्हणाले, "आधी माझं दुकान जसं होतं तसं करून द्या."

शटर ओढून दोघं बसले. ते एकेक खोकं उचलत आणि विचारत, "हे कुठे होतं?"

"खिडकीजवळ वर. हिलालबापू घेतात ते. त्यांचे घोटे सुजतात त्याने."

"हे?"

"त्याच्याखाली. मालतीबाईंचं. रिकाम्या पोटी घेतलं की मळमळतं त्यांना, जेवणासोबत घ्यायला सांगितलंय."

"आणि हे?"

"सुकलालभाऊंचं. कोरडा खोकला लागला म्हणून डॉक्टरांनी बदललं, आता कोणी घेत नाही."

भूपेंद्रभाई थांबले. त्यांनी चष्मा काढला. "उज्ज्वलाबेन, पेपरात काय विचारतात?"

"गट, काम आणि त्रास."

"मग आता मला काय सांगत होतात?"

तिने तिन्ही खोक्यांवरची नावं पुन्हा वाचली. अम्लोडिपिनने घोटे सुजतात, मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, एनालाप्रिलने खोकला येतो. तीन ओळी, ज्या दोनदा पेपरात आल्या होत्या आणि दोनदा सुटल्या होत्या.

त्या महिन्यात तिने पुस्तक गिऱ्हाइकांच्या हिशोबाने वाचलं. प्रत्येक गटाला एक माणूस शोधला. ज्याला माणूस सापडला नाही, त्यासाठी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, की हे घेतल्यावर तुम्हाला काय होतं? लोक आनंदाने सांगायचे. आजाराबद्दल एवढं कोणी विचारत नाही. भेस्तानच्या एका म्हातारीने तर तिला आपल्या फिटच्या गोळ्यांची चौदा वर्षांची कहाणी ऐकवली. जिथे माणूस मिळालाच नाही, तिथे मात्र घोकंपट्टीच करावी लागली आणि त्यातलं निम्मं तिला परीक्षेत आठवलं नाही.

शंभरात चौपन्न पडले. निकाल जयश्रीने मोबाइलवर बघितला आणि फोन आईच्या हातात दिला. उज्ज्वलाने नंबर तीनदा ताडून पाहिला, मग पदराने डोळे पुसून काउंटरवर आलेल्या बाईंना खोकल्याचं औषध दिलं.

रजिस्ट्रेशनची बाकीची कामं व्हायला वर्ष गेलं. आता दुकानात तिच्या नावाचं सर्टिफिकेट भूपेंद्रभाईंच्या शेजारी लागलंय. ते सकाळीच तेवढे येतात. दुपारी ती एकटी असते, आणि नवीन औषध आलं की पहिल्यांदा घेणाऱ्याला सांगते, आठ दिवसांनी येऊन काय होतं ते मला सांगून जा.