ट्रंपेट सुटल्यावरच्या चाली

आदिलाबादजवळच्या जैनथ गावचा बाबाराव पंधराव्या वर्षी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवू लागला, पुढे त्याच बँडचा मास्तर झाला, आणि बेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी त्याचं तोंड वाकडं झालं.

चहा पिताना घोट ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडला. बायको तुळजाबाई आधी रागावली, मग त्याचा चेहरा पाहून घाबरली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी चेहऱ्याचा लकवा सांगितला. गोळ्या, मालिश, आरशासमोर गाल फुगवणं असं सगळं झालं. सहा महिन्यांत बोलणं नीट झालं, जेवणही. पण ट्रंपेट ओठांना लावला की डावीकडून हवा निसटायची.

लगीनसराईच्या तोंडावर बँडमधले क्लॅरिनेटवाले उद्धवराव घरी आले. वयानं त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे.

"आता काय करशील, बाबाराव? झांज घेतं का हाती?"

"नाही. मी समोर उभा राह्यतो. तुमी वाजवा, मी वाजवून घेतो."

"अन् वाजवाचं काय? तेच पिक्चरचे गाणे? ते डीजेवाला आपल्याहून जोरात वाजवते."

ते बाबारावला लागलं. डीजेकडे नसलेलं काहीतरी आपल्याकडे हवं, आणि ते आपणच तयार करायला हवं.

त्यानं शाळेची वही आणली. सूर लिहिणं त्याला येत नव्हतं. मोबाइलवर पाहून पाहून शिकला. लाल शाईनं क्लॅरिनेटची ओळ, निळ्या शाईनं ट्रंपेटची. तुळजाबाई कापूस वेचताना जे गुणगुणायची, त्या लयीवरून त्यानं पहिली चाल बांधली. स्वतः वाजवून पाहता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक ओळ तिच्याकडून म्हणवून घ्यायचा.

"मले काऊन तरास देता?" ती वैतागायची.

"तुझा गळा नीट हाये, माझे ओठ नाही. म्हण."

ती चाल पहिल्यांदा वाजली नेरडीगोंड्याच्या एका वरातीत. चार-पाच बाया नाचू लागल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. नवरदेवाचा मामा हात वर करून ओरडला, "ये क्या बजा रहे? गाना बजाओ!" बँडनं मुकाट्यानं सिनेमाचं गाणं धरलं.

परतताना टेम्पोत उद्धवराव म्हणाले, "सोडून दे, बाबा. लोकायले नाही पाह्यजे."

"मी बायांच्या पायाकडं पाहून राह्यलो होतो. दुसऱ्या फेरीले पाय अडखळले. तिथं ढोल उशिरा येते. चूक माझी हाये, लोकायची नाही."

त्यानं ती फेरी खोडली आणि नव्यानं लिहिली. तेव्हापासून प्रत्येक वरातीत एकदा तरी ती चाल वाजवायचीच, असा नियम केला. कुणी थांबवलं तर थांबायचं, पाय कुठे चुकले ते पाहायचं, घरी येऊन दुरुस्त करायचं. दोन मोसम गेले. बँडमधले दोघं कंटाळून दुसरीकडे गेले. बाबारावनं नवे घेतले, त्यांनाही तीच वही दिली.

तिसऱ्या मोसमात आदिलाबादला एका तेलुगू कुटुंबाचं लग्न होतं. चाल संपली, बँड पुढच्या गाण्याकडे वळला, तेवढ्यात नवरीची आजी घामाघूम होऊन समोर आली. "मळ्ळी! मळ्ळी!" म्हणजे पुन्हा वाजवा. ती चाल त्या वरातीत चारदा वाजली. बाबाराव हातवारे करत होता आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. तो डोळा लकव्यापासून तसाही गळायचा, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

आज त्याच्या अकरा चाली आहेत. सुपारी द्यायला येणारे लोक त्याचीच चाल पाहिजे म्हणून सांगतात. आणि बाबाराव सध्या बारावी लिहितोय, चांगली पाव तासाची. नाचायला नव्हे, बसून ऐकायला.

"हे बसून कोण ऐकंल?" उद्धवराव वही उलटसुलट करत म्हणाले.

"ते मंग पाहू. तिसऱ्या ओळीत तुमाले दम कुठं घ्याचा ते आधी सांगा."

उद्धवरावांनी चष्मा पुसला आणि क्लॅरिनेट तोंडाला लावली.