गणपतीला गावी गेलेल्या चिपा

परब मॅडम बाराही महिने मरून रंगाचा लोकरी स्वेटर घालून कामाला बसत. मोजणीच्या खोलीत एसी होता हे खरं. पण मानखुर्दच्या कचराडेपोच्या वासाखेरीज त्यातून फारसं काही येत नसे. कुणी विचारलं की म्हणत, "नवऱ्याने हौसेने घेतलाय. मुलुंडमध्ये बर्फ पडेपर्यंत थांबू काय?"

आमच्या प्रयोगशाळेचं काम चिपांना छळण्याचं. परदेशात सूक्ष्म कणांच्या टकरी टिपणारं एक प्रचंड यंत्र उभं राहत होतं. त्यात बसायच्या चिपा किरणांच्या माऱ्यात तग धरतात का, हे आम्ही तपासत असू. मी बार्शीहून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. पहिली चाचणी झाल्यावर भक्तिभावाने म्हणालो, "मॅडम, चिप पास!"

"पेढे वाट. मारा चालू असताना तिला वीज दिली होतीस?"

"नाही."

"झोपलेल्याला शिव्या दिल्यास, तो चिडला नाही, म्हणून त्याला साधू ठरवलंस होय रे?"

असं मला शिकवलं गेलं. कॉलेजात इतकं कुणी शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी शेवटची तुकडी मारा खाऊन बाहेर आली आणि गणपती आले. आमच्या विभागप्रमुख साहेबांनी मोजणी सुट्टीनंतर ठेवली. मॅडम कणकवलीला जाऊन आल्या. चिपा खणात पडून राहिल्या. मग मोजलं, तर सगळ्या पास! साहेबांनी केक मागवला. चिपा घेऊन परदेशात मॅडमच जाणार होत्या. पासपोर्ट आला होता, स्वेटर तेव्हाच घरात आला होता.

मॅडमनी आकडे पाहिले. "चिपो गावाक जावन इल्यो वाटता! हवापालट झाला, तब्येत सुधारली."

मार खाल्लेली चिप नुसती पडून राहिली तरी थोडी सावरते, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

"मॅडम, जायचंय तुम्हालाच. खुसपट कशाला काढता?"

"तिकडे मारा रोजचा आहे, साहेब. गणपतीची रजा तुम्ही मंजूर करणार?"

त्यांनी त्याच बनावटीच्या नव्या चिपा घेतल्या, वीज चालू ठेवून माऱ्यात धरल्या आणि बाहेर काढताच मोजल्या. सगळ्या नापास. वाट लागली, चिपांची आणि मॅडमच्या प्रवासाचीही. साहेबांनी केक तेवढा परत पाठवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम स्वेटर घालून येऊ लागल्या.

सुधारलेली चिप तयार होईपर्यंत त्यांची निवृत्ती जवळ आली. ही चिप मात्र रजेविना टिकली. तेव्हा साहेबांना अचानक तरुणांना संधी द्यावीशी वाटली आणि मला पाठवायचं ठरलं. मी मान खाली घालून मॅडमना सांगायला गेलो.

"तोंड पाडून काय उभा राहिलास? तिकडे थंडी असते," असं म्हणत त्यांनी स्वेटर काढून नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. कोपरांवर तो पार विरला होता.

"मॅडम, हा तर तुमचा..."

"घाल बिनधास्त. एकही दिवस रजा न देता तपासलाय."