मरिंगलचा तलाव उघडला तो उन्हाळा

मरिंगलमधला मांसाचा कारखाना मे महिन्यात, इथल्या थंडीच्या तोंडावर, बंद झाला आणि गावातल्या निम्म्या घरांत माणसं एकाच दिवशी रिकामी होऊन बसली. नोलीन हॅड्रिल त्यांतलीच एक. पॅकिंगच्या खोलीत ती लग्नाआधी लागली होती, आणि आता पन्नाशीला टेकली होती. गार हवेत दिवसभर उभं राहून मेंढीच्या मांसाचे तुकडे पिशव्यांत भरायचे. काम काही कौतुकाचं नव्हतं. पण सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी बायकांची जी बडबड चालायची, ती संपल्यावर नोलीनला घर फार शांत वाटायला लागलं.

पहिले काही आठवडे तिनं ते घर धुऊन काढलं. ओव्हन इतक्यांदा घासला की नवरा म्हणाला, "अगं, आता पत्र्याला भोक पडेल." कुत्र्याला इतक्या अंघोळी घातल्या की तिच्या हातात टॉवेल दिसला की ते पाण्याच्या टाकीखाली जाऊन दडायचं. मग अर्ज सुरू झाले. सुपरमार्केट, शाळेचं ऑफिस, वृद्धाश्रम, पेट्रोल पंप. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच यायचं नाही. बेकारभत्ता चालू राहायचा तर फोनवर सांगावं लागायचं की मी अजून काम शोधते आहे. पलीकडची मुलगी दर वेळी म्हणायची, "उत्तम!" त्या 'उत्तम'चा नोलीनला इतका संताप यायचा की फोन ठेवल्यावर ती अंगणात जाऊन गुलाबं छाटत सुटायची. त्या वर्षी गुलाबांची पार रया गेली.

नवरा, क्लेम, धान्याचा ट्रक चालवायचा. पाठीनं दगा दिल्यापासून तेही हंगामापुरतंच. पण स्वभावानं आशावादी. पबमधून रोज ताजी बातमी घेऊन यायचा. "कारखाना विकला जातोय म्हणे. नाताळच्या आत उघडणार. जुन्यांना आधी बोलावणार. आपण फक्त थांबायचं." सगळं गावच तसं थांबलं होतं.

सप्टेंबरात एका सकाळी वॉरिक टिंडलची गाडी फाटकाशी उभी राहिली. वॉरिक नगरपालिकेचा व्यवस्थापक. शाळेत नोलीनच्या मागच्या बाकावर बसून तिची वेणी ओढायचा, त्यामुळे त्याला साहेब म्हणणं तिला कधी जमलं नाही.

"नोलीन, तलाव सांभाळशील का?"

"कुठला? तो बेडकांचा?"

गावातला पोहण्याचा तलाव दोन उन्हाळे कुलुपात होता. त्याआधी तीन व्यवस्थापक आले आणि हंगाम अर्धा टाकून निघून गेले. वॉरिक फाटकावर कोपरं टेकून बोलायला लागला. काम ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चअखेर, म्हणजे इथला सगळा उन्हाळा. मग त्यानं पगाराचा आकडा सांगितला.

"हा दिवसाचा ना?"

"आठवड्याचा."

"अस्सं. आणि संडास कोण धुणार?"

"तूच."

"तिकिटं?"

"तूच."

"कुणी बुडायला लागलं तर?"

"तेही... म्हणजे त्याची एक परीक्षा असते. देऊन टाकशील तू."

"आणि एप्रिलला काय करायचं?"

वॉरिकनं गाडीच्या आरशाकडे पाहिलं. "एप्रिलला तलाव बंद असतो, नोलीन. शुक्रवारपर्यंत सांग."

संध्याकाळी भोपळा चिरता चिरता तिनं क्लेमला सांगितलं, तर तो उसळलाच. "पाच महिन्यांसाठी? तेही संडास धुवायला? आणि मधेच कारखाना उघडला तर? तू तिकडे अडकलेली असशील, आणि तुझी जागा दुसरीच कुणीतरी घेऊन बसेल."

"आणि नाहीच उघडला तर?"

"उघडणार गं."

निम्मं नोलीनलाही पटत होतं. पगार पूर्वीच्या निम्मा. वॉरिकचं बोलणं उपकार केल्यासारखं. पण तिला खरा घोर होता तो हिवाळ्याचा. पुन्हा मे महिना, पुन्हा रिकामं घर, पुन्हा ती फोनवरची मुलगी. काम मिळून सुटणं हे न मिळण्यापेक्षा वाईट असतं, असं तिला वाटत होतं. उलट, हातातलं काम नाकारून पबमधल्या बातमीवर बसायचं, याचीही तिला लाज वाटत होती. भोपळा चिरून संपला तरी तिचं काही ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं वॉरिककडून तलावाची किल्ली आणली आणि सोबत आंटी मर्लला घेतलं. मर्ल सत्तरीकडे झुकलेली. तिचे लोक इथले आदिवासी, या नदीकाठी गाव वसायच्या कितीतरी आधीपासूनचे. कारखान्यात दोघी पट्ट्यावर शेजारी उभ्या राहायच्या. नोलीन कुणाचं ऐकत असेल तर ते मर्लचं.

तलाव रिकामा होता. तळाशी निलगिरीचा पाचोळा, कोपऱ्यात हिरवं डबकं, त्यात बेडकं. कँटीनच्या खिडकीला कोळ्यांनी जाळ्यांचे पडदे लावले होते. मर्ल काठावर बसली आणि तिनं पाय आत सोडले.

"इथं बसायला मला किती वर्षं लागली, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "लहानपणी आम्ही त्या जाळीला नाक लावून उभ्या असायचो. आमच्या पोरांना आत घेत नसत. पुढं घ्यायला लागले, तोवर मी बाई झाले होते. पोहता येत नाही म्हणून लाज. मग माझी पोरं झाली, नातवंडं झाली. इतक्या सगळ्यांची तिकिटं कुठून आणायची? ती जातात बंधाऱ्याखाली उड्या मारायला. खाली ओंडके आहेत. मी दर उन्हाळा जीव मुठीत धरून काढते."

नोलीन तिच्या शेजारी बसली. "म्हणजे घेऊ म्हणतेस?"

"मी कुठं म्हटलं? त्यानं दिली तशीच घेतलीस, तर तूही त्या तिघांसारखी नाताळला पळशील." मर्लनं वाळलेलं पान उचलून खाली टाकलं. "तू त्याच्या दारात गेलीस की तो तुझ्या दारात आला?"

"तो आला."

"मग? दोन उन्हाळे त्याला माणूस मिळालेलं नाही. तू बेकार आहेस, ते खरं. पण अडलंय त्याचंही. घरून निघताना हे डोक्यात ठेव, मग काय बोलायचं ते बोल."

नोलीनला कितीतरी महिन्यांत असं कुणी बोललं नव्हतं. इतके दिवस तिला वाटत होतं, आपण फक्त मागायचं आणि समोरच्यानं द्यायचं की नाही ते ठरवायचं.

शुक्रवारी ती इस्त्रीचा शर्ट घालून नगरपालिकेत गेली. वॉरिकनं कागद पुढं सरकवला. तिनं तो परत त्याच्याकडे सरकवला.

"आधी ऐक. कँटीनची कमाई माझी."

वॉरिकनं गाल फुगवले. "बरं. तिथं तसंही कुणी काही विकलं नाही."

"शनिवार-रविवार माझ्या जोडीला परीक्षा झालेलं आणखी एक माणूस."

"बघू."

"बघू नाही, हो म्हण. आणि शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत पोरांना तिकीट नाही. एकालाही नाही."

"वेडी झालीस का? नगरसेवक मला कच्चा खातील."

"खाऊ देत. मग तूही भत्त्यावर ये. तिथली मुलगी फार छान 'उत्तम' म्हणते."

"नोलीन, तुला नोकरी हवी आहे की नको?"

"हवी आहे. फार हवी आहे. पण तीन माणसं जी टाकून गेली ती नको." तिनं टोपी उचलली आणि दाराकडे निघाली. तिनं दार उघडलं.

"बस गं बाई," वॉरिक म्हणाला. "बस. शनिवार-रविवारी माणूस देतो, आणि पोरांचं या एका हंगामापुरतं करतो. पण हिवाळ्याचं मागू नकोस. ते माझ्या हातात नाही, आणि खोटं मी बोलणार नाही."

ती पुन्हा बसली. हिवाळ्याचंच ती मागणार होती. खिडकीबाहेर पोस्टाचा माणूस सायकल भिंतीला टेकवत होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. नोकरी अजूनही अर्धीच होती. पण आता त्या अर्ध्यात तिचं स्वतःचं काही होतं. तिनं सही केली.

"आणि हिवाळा?" क्लेमनं घरी विचारलं.

"तो आला की बघू."

परीक्षा डबोला, जवळच्या मोठ्या शहरात होती. तलावाच्या लांबच लांब फेऱ्या ठरलेल्या वेळेत मारायच्या, तळाशी टाकलेलं वजन बुडी मारून वर आणायचं आणि एका मोठ्या माणसाला ओढत काठाला न्यायचं. नोलीन पहिल्याच खेपेला नापास झाली. शेवटच्या फेरीत तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. बरोबरीच्या पोरी तिच्या लेकीहून लहान. एकीनं तिला टॉवेल आणून दिला, ते तिला नापास होण्याहून जास्त लागलं. परत येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

क्लेमच बोलला. "चुलतभावाचं शेततळं आहे. पाणी गार आहे, पण खोल आहे."

मग रोज दुपारी दोघं तिथं. क्लेम काठावर स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन बसायचा आणि ओरडायचा. "पाय हलव, पाय! ट्रक ढकलतेस का?" मेंढ्या कुंपणाशी येऊन बघायच्या. ओढायला माणूस हवं म्हणून एके दिवशी तो स्वतःच कपडे काढून पाण्यात उतरला.

"अहो, तुमची पाठ!"

"पाण्यात दुखत नाहीये गं," तो उताणा तरंगत, चकित होऊन म्हणाला. "अगदी नाही. तू ओढ बघू. मी बुडतोय."

"बुडणारा माणूस इतकी बडबड करत नाही," म्हणत तिनं त्याला काखेत धरलं आणि काठापर्यंत नेलं. क्लेम म्हणजे चांगला भरलेला गडी. त्याला ओढून झाल्यावर डबोतला तरुण परीक्षक तिला उशीसारखा हलका वाटला. दुसऱ्या खेपेला ती वेळेच्या कितीतरी आत काठाला लागली, आणि वर येऊन इतक्या मोठ्यानं हसली की सगळा तलाव वळून बघायला लागला.

तलाव उघडला त्या दिवशी वारा भट्टीतून यावा तसा तापला होता. शाळेची घंटा झाली आणि पोरांचा लोंढा रस्त्यानं धावत आला. तिकीट नाही हे त्यांना खरं वाटेना. दाराशी थबकून ती नोलीनच्या तोंडाकडे बघायची.

"बघता काय? आत व्हा! आणि काठावर पळायचं नाही!"

मर्लची नातवंडं सगळ्यांत पुढं. मागून मर्ल आली, फुलाफुलांचा झगा घालून. नातीचा हात धरून ती उथळ बाजूच्या पायऱ्या एक एक करत उतरली. पाणी कमरेला आलं तेव्हा थांबली. नोलीन उंच खुर्चीवरून सगळीकडे नजर फिरवत होती, पण तिची नजर तिथंच परत जायची.

"कसं आहे गं?" तिनं ओरडून विचारलं.

"गार आहे मेलं!" मर्ल किंचाळली आणि खांद्यापर्यंत खाली बसली.

त्या उन्हाळ्यात बंधाऱ्याकडे पोरं फिरकली नाहीत. कँटीनमधल्या खिम्याच्या गरम पॅटिसांचा आणि बटाट्याच्या चिप्सचा वास शाळेपर्यंत जायचा. सकाळी क्लेम पाठीसाठी पोहायला यायचा, आणि त्याच्यासारखे आणखी सहा-सात जण. पब उघडायच्या आधी त्यांचा अड्डा आता पाण्यात भरायचा. संडास नोलीनच धूत होती, आणि शिव्याही घालत होती.

जानेवारीत कारखान्यातून फोन आला. खरोखरच नवा मालक आला होता. ऑफिसमधली बाई म्हणाली, "पॅकिंगला सोमवारपासून या."

"मी एप्रिलला येते," नोलीन म्हणाली. "आणि ऑक्टोबरला जाते. दर वर्षी."

"असं कसं चालेल?"

"मग राहू दे. माझे हात ओले आहेत, ठेवते."

क्लेमचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, वर्षभराचा पगार होता तो!"

"माहीत आहे." तिनं ओले हात टॉवेलात गुंडाळून घेतले. पण वाट बघून बघून गावातली कितीतरी माणसं शहराकडे गेली होती, आणि शिकलेले हात कारखान्याला कुठं मिळेनात. चौथ्या दिवशी त्याच बाईचा फोन आला. एप्रिल चालेल, म्हणाली.

मार्चमध्ये तलावाचा विषय नगरपालिकेच्या सभेत निघाला. मोफत संध्याकाळ पुढं चालू ठेवायची की नाही. एरवी त्या सभेला कुत्रं फिरकत नाही. त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. पहिल्या रांगेत मर्ल, मागं पॅकिंगच्या खोलीतल्या सगळ्या जुन्या बायका, भिंतीला टेकून क्लेम आणि त्याची पाण्यातली मंडळी. एका नगरसेवकानं विचारलं, "यातून गावाला मिळालं काय?" कुणी बोलायच्या आत मर्ल उठली. "या उन्हाळ्यात मला रात्री निवांत झोप लागली," ती म्हणाली, आणि खाली बसली.

सगळ्या नगरसेवकांचे हात वर गेले. लगोलग वॉरिकनं व्यवस्थापकाचा पगार वाढवायचा ठराव मांडला, नोलीनकडे न बघता, कान लाल करून. तोही मंजूर झाला. बाहेर गाड्या निघाल्या तेव्हा बायकांनी हॉर्न दाबून धरले, ते पार नदीच्या वळणापर्यंत. क्लेमच्या शेजारी बसलेल्या नोलीननं खिडकीची काच खाली घेतली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि दोन्ही हात हवेत उंच धरले.