दोघींना उघडता येईल असं सॉफ्टवेअर

बाबा अचानक गेले, तेव्हा बिबवेवाडीतल्या आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याचे सगळे हिशेब संगणकात होते आणि पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक होता. आईने आणि मी एकेक बिल शोधून वर्षभराचा हिशेब पुन्हा लिहिला. त्यात चार महिने गेले.

मग नवं सॉफ्टवेअर घ्यायला आम्ही कसबा पेठेतल्या आमच्या कर सल्लागारांकडे गेलो. त्यांनी दोन दाखवली. एक फक्त कारखान्यातल्या संगणकावर चालणारं. तो बिघडला तर सगळंच जायची भीती. दुसरं इंटरनेटवरचं, पण दरवर्षीची फी चुकली की आपलेच हिशेब आपल्याला दिसणार नाहीत. मी दोन्हींचे दोष वहीत उतरवत होते.

तेवढ्यात आईने विचारलं, "अहो, उद्या मी नसले, तर हिला यातलं कोणतं उघडता येईल?"

सल्लागार म्हणाले, "दुसरं. त्यात दोघींना वेगवेगळे पासवर्ड देता येतात."

"मग तेच द्या."

परतताना रिक्षात आईने माझा हात धरला, तो बिबवेवाडी येईपर्यंत सोडला नाही.