बर्फ बंद करणार नाही

मी कधी रिकामी असते, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. कचेरीत टायपिस्ट होते तेव्हा माझ्या मशीनची टकटक थांबली की साहेब आतून म्हणायचे, "बाई रिकाम्या आहेत वाटतं," आणि एक फाइल बाहेर यायची. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले बुवा या शब्दाच्या तावडीतून. कसलं काय. तो माझ्याआधीच घरी येऊन बसला होता.

निवृत्तीनंतर मी कम्प्युटरवर गेम खेळायला लागले. हे मुद्दाम सरळ लिहिते आहे, कारण लोकांना ते नीट ऐकूच येत नाही. "म्हणजे मोबाइलवर? रंगीत गोळ्या फोडायचं ना?" असं विचारतात. नाही. मोठ्या कम्प्युटरवर, कानाला हेडफोन लावून, मागच्या खोलीत दार लोटून. मुलानं कॉलेजात असताना हट्टानं घेतलेला तो कम्प्युटर. नोकरीसाठी तो बंगलोरला गेला आणि हे धूड आमच्याकडे राहिलं. आधी मी त्याच्यावरची धूळ तेवढी पुसायची. एक दिवस चालू केला, त्यानं अर्धवट सोडलेला एक गेम उघडला आणि तिथेच बसले. तरी आजही घरीदारी त्याचं नाव 'पोट्ट्याचा कम्प्युटर' असंच आहे.

त्या गेममध्ये एक बाई आहे. घोड्यावरून डोंगरातल्या गावांना टपाल पोचवते. वाटेत लांडगे भेटतात, पूल तुटलेले असतात, आणि सगळीकडे बर्फ. नोकरीभर मी दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, त्यातली किती कुठे पोचली देव जाणे. इथे मी स्वतः नेऊन देते, दार उघडतं, आणि आतली म्हातारी पाकीट हातात घेते. मला ते फार आवडतं. आणि बर्फ आवडतो. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात साठतो त्याच्यापलीकडे मी बर्फ पाहिलेला नाही. मे महिन्यात बाहेर डांबर चपलेला चिकटत असताना त्या पांढऱ्या घाटातून घोडा घालायचा, याची मजा नागपूरकरालाच कळेल.

आता गंमत अशी की पडद्यावर जितका बर्फ, तितकी पेटी तापते. कम्प्युटरच्या आत चित्र काढणारा एक भाग असतो, ग्राफिक्स कार्ड. बर्फाचा कण न् कण त्याला काढावा लागतो. आमचं कार्ड जुनं, वर आमचा उन्हाळा. गेल्या वर्षी घाट चढायला लागले की आतला पंखा असा ओरडायचा की यजमान पेपर टाकून उठून यायचे. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तापलेलं यंत्र त्यांना बघवत नाही.

"मशीन थंडं ठेवा लागते वं," म्हणाले आणि कामाला लागले. आमच्याकडे उन्हाळा कूलरवर निघतो. वाळ्याच्या ताट्या बदलणं, पंप बघणं, टाकी भरणं हे सगळं त्यांचं खातं. त्यांनी पत्रा कापला, वाकवला, रिबिटा मारल्या आणि कूलरच्या तोंडापासून थेट कम्प्युटरच्या पेटीपर्यंत एक बोगदा जोडून दिला. ओल्या वाळ्याची गार हवा सरळ कार्डावर. पंख्याचं ओरडणं बंद झालं. शेजारचे बघून गेले, एकानं मोबाइलवर फोटोही काढला. अख्खा उन्हाळा मी वाळ्याच्या वासात बर्फ तुडवला.

यंदा होळी झाली आणि बर्फावर हिरव्या रेघा उमटायला लागल्या. मग घोड्याचं डोकं दिसेनासं झालं. मग एकदा ऐन पुलावर सगळंच काळं.

पेटी घेऊन आम्ही दोघं बर्डीवरच्या कम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं झाकण उघडून कार्ड बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. त्याच्यावर पांढरी खरखरीत पुटं चढली होती.

"याले मीठ लावून ठेवलं होतं का जी?" त्यानं विचारलं.

मी ती पुटं लगेच ओळखली. बोअरच्या पाण्यानं मोसमाच्या शेवटी ताट्यांवर नेमकी तीच चढतात. म्हणजे अख्खा उन्हाळा आम्ही कार्डाला गार हवेसोबत क्षार पाजत होतो. मी यजमानांकडे पाहिलं. ते भिंतीवर टांगलेल्या माउसच्या किमती वाचत होते.

दुकानदारानं ब्रशनं घासून, कसलंसं औषध लावून कार्ड चालू केलं. "हलकं काम करन आता. भारी गेम नाही झेपणार. नवीन टाकलं तं बरं." मग यजमानांना विचारलं, "पोट्टा कोणता गेम खेळते तुमचा?"

"मी खेळते," मी म्हणाले.

तो हसला, पण माझ्याकडे बघून नाही. "मंग असं करा काकू, घरी जा, मुलाले एकदा फोन करून विचारून घ्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. साडी घेताना मला कुणी मुलाला विचारून या म्हटलं नाही.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, "साफ झालं ना आता? मंग नवीन कायले पाह्यजे?" नवीन कार्ड येणं म्हणजे त्यांच्या बोगद्यानं जुनं मारलं हे कबूल करणं, हे मला दिसत होतं. मला त्यांचा राग नव्हता. एवढ्या मायेनं माझ्यासाठी कुणी पत्रा वाकवला नव्हता. पण म्हणून मी हिरव्या रेघांशी संसार करायचा का?

संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं.

"आई, नवीन काहून घेतेस? तू काय स्पर्धेत उतरून राहिली का? सेटिंग लो कर. सावल्या ऑफ, बर्फ ऑफ. मस्त चालते मंग."

"बर्फ ऑफ होतो?"

"होते ना. तिसऱ्या नंबरचं बटन."

केला बंद. गेम खरंच चालला, जराही न अडखळता. फक्त घाट करडा झाला. जमीन करडी, छपरं करडी, घोड्याच्या टापेखाली करडा भुगा. मी बघत राहिले, कारण ही जागा मला माहीत होती. खापरखेड्याच्या वसाहतीत माझा अर्धा संसार झाला. वारा सुटला की केंद्रातल्या कोळशाची राख यायची. वाळत घातलेल्या चादरींवर, तुळशीवर, झाकलेल्या दुधावरसुद्धा. ती झटकता झटकता माझे हात दुखून आले होते. आता ती पडद्यावरही पाहू?

आणि मला खरंच संताप आला. लो सेटिंग मला नवीन नाही. आवाज लो ठेवला, कारण सासरे झोपलेत. पंखा दोनवर ठेवला, कारण मुलाला सर्दी आहे. मोठ्या पदाची परीक्षा दिली नाही, कारण बदली पारशिवनीला झाली असती आणि मग डबे कोण करणार. कुणी जुलूम केला नाही, सगळे चांगलेच होते, प्रत्येक वेळी एकच बटण तर बंद करायचं होतं. अशी बटणं बंद करत करत माणूस छान चालतो, कुठे अडखळत नाही. मी बर्फाचं बटण परत चालू केलं. गेम चार पावलं चालून काळा पडला. पडू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नणंद आली. ती आमच्याच गल्लीत राहते. भिवापूरहून तिच्याकडे वर्षाच्या मिरच्या येणार होत्या. त्या वाळवून, देठं खुडून तिखट कांडायचं, तेही दोन्ही घरांचं, हा दर उन्हाळ्याचा रिवाज.

"वहिनी, माल आला की येजो खुडायले. तू तं रिकामीच हायेस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादा सांगून राहिला, तू त्या पोट्ट्याच्या कम्प्युटरले आणखी काही घेऊन राहिली म्हणते. या वयात लेकराचे खेळ शोभते का वं?"

"तुला रोज दोन सिरियल शोभतात," मी म्हणाले, "तसंच शोभतं."

ती चहा न घेता गेली.

मी त्याच दुपारी निघाले. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, पर्समध्ये पाण्याची बाटली घेतली आणि एकटी बर्डीवर गेले. दुसरं कुणी संध्याकाळपर्यंत थांबलं असतं, पण मला डोकं थंड व्हायला नकोच होतं.

दुकानदारानं ओळखलं. "बोलले का काकू मुलाशी?"

"बोलले. तो म्हणाला घेऊ नको. दाखवा नवीन कार्ड."

आता मात्र तो माझ्याकडे बघून बोलायला लागला. कार्ड दाखवलं, समजावून सांगितलं, आणि मग विचारलं, "पण हे जास्त करंट खाते. तुमच्या पेटीतला पॉवर सप्लाय पुरन का?"

मला ठाऊक नव्हतं. आणि ज्याला बघता आलं असतं तो माणूस कालपासून माझ्याशी मोजकं बोलत होता. फोन लावला.

"काय झालं?"

"नवीन कार्ड घेते आहे. आपल्या पेटीत पॉवर पुरेल का, विचारतात."

पलीकडे पेपराची घडी वाजली. मग म्हणाले, "लोड किती घेते?"

मी खोक्यावरचा आकडा वाचला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ड्रॉवर उघडला, स्क्रू फिरल्याचा आवाज. मी काउंटरपाशी उभी, दुकानदार वाट बघत.

"पुरते," ते म्हणाले. "लोड होऊन बी शिल्लक राहते. घे."

घरी पोचले तर मागच्या खोलीत पत्र्याचा बोगदा पेटीपासून सोडवलेला. कम्प्युटर कूलरपासून दूर, पलीकडच्या कोपऱ्यात उंच स्टुलावर. यजमानांनी बोगद्याचं तोंड वाकवून माझ्या खुर्चीकडे वळवलं होतं आणि खाली बसून शेवटची रिबिट मारत होते.

"मशीनले कोरडी हवा लागते," मान वर न करता म्हणाले. "ओली तुले."

याहून जास्त माफी त्यांच्याकडून मी मागणारही नव्हते. आम्ही दोघांनी मिळून कार्ड बसवलं. बर्फ पडायला लागला, दाट, आणि घोड्याच्या आयाळीवर साचायला लागला. यजमान थोडा वेळ मागे उभे राहिले आणि मग पेपर वाचायला गेले.

चार-पाच दिवसांनी मी ऐन घाटात होते. पुढच्या गावातलं पाकीट द्यायचं होतं आणि मागे लांडगे लागले होते. हेडफोन एका कानावरून घसरला होता, म्हणून दाराशी नणंदेचा आवाज ऐकू आला. मिरच्यांचं पोतं आलं होतं.

"दादा, वहिनीले पाठव ना. रिकामीच असन ते."

मी सवयीनं खुर्ची मागे सरकवायला लागले होते.

"नाही, रिकामी नाही," यजमान म्हणाले.

"काहून, काय करून राहिली?"

"बर्फात हाय." मग चप्पल शोधल्याचा आवाज आला. "चाल, मी येतो खुडायले."

मी खुर्ची पुढे ओढली आणि घोड्याला टाच मारली.