टोपीत टाकलेलं पदक

"टोपी काढ. पसर."

हेडक्लार्क माझ्या वडिलांना एवढंच म्हणाला. गोदीच्या आवारात मांडव घातला होता. जन्मभर इमानानं सरकारची चाकरी केलेल्यांना इंग्रज साहेब पदकं देत होता. कारकून, मिस्त्री, लोहार. प्रत्येकाच्या छातीवर स्वतः लावत होता. वडिलांची पाळी आली तेव्हा हेडक्लार्क साहेबाच्या कानाशी लागला. साहेबानं पदक त्याच्याकडे दिलं. त्यानं ते वरून सोडलं. टोपीत. भीक घालावी तसं.

आम्ही महार. वडील जहाजांच्या बॉयलरमध्ये शिरून आतला थर खरवडायचे. बॉयलरमध्ये ते चालत होते. मांडवात नाही.

मी पोरगा होतो. टाळ्या वाजवल्या.

घरी वडील म्हणाले, "साहेबानं छातीला लावलं, असं सांग." सांगितलं. शाळेत, हापिसात, सोयरिकीच्या बैठकीत. वडील गेल्यावर तर माझ्या मुलालाही. त्यांची लाज झाकतोय असं वाटायचं. झाकत होतो हेडक्लार्कला.

आता मी मुलाकडे राहतो, टोकियोत, निशी-कसाई भागात. गेल्या महिन्यात नातीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेलो. पैसे द्यायला हात पुढे केला. काउंटरवरच्या मुलीनं मान लववून समोरचा छोटा ट्रे दाखवला. हातात नको, यात ठेवा.

माझं डोकं फिरलं. ओरडलो, "हातात घेतले तर विटाळ होतो काय?"

"आजोबा, शू! सगळ्यांचे असेच घेतात. बघा ना."

पाहिलं. मागच्या सूटवाल्यानंही ट्रेमध्येच ठेवले. त्याच्या मागच्या बाईनंही. इथली रीतच ती, सगळ्यांना सारखी. मी खाली मान घालून बाहेर आलो.

नातीनं विचारलं, "विटाळ म्हणजे काय?"

दुकानाबाहेर सायकलींच्या रांगेशी उभं राहून तिला सगळं सांगितलं. टोपीसकट. ती म्हणाली, "पण बाबा तर वेगळंच सांगतात."

"मीच तसं सांगितलं त्याला. खोटं."

त्याच आठवड्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाचं प्रदर्शन होतं, पूर्वजांच्या वस्तूंचं. मुलानं आजोबांचं पदक मांडायला दिलं होतं. मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे माझ्या मुलाचा मॅनेजर. पदकाशेजारी सेक्रेटरीनं कार्ड लावलं होतं : 'साहेबांनी स्वहस्ते छातीवर लावलेले'. मी म्हणालो, हे काढा, खरं लिहा. काय ते सांगितलं.

तो हसला. "काका, इथे कशाला जात काढता? टोकियोत आपण सगळे इंडियनच."

"मग पहिल्या भेटीत माझं आडनाव ऐकून 'मूळ गाव कुठलं, कुठली आळी' का विचारलंत?"

तो कार्ड सरळ करू लागला. मुलगा माझ्या दंडाला धरून म्हणाला, "बाबा, प्लीज. माझं अप्रेझल आहे पुढच्या महिन्यात."

मी दंड सोडवून घेतला. कार्ड फाडलं. पाठकोऱ्या कागदावर घडलं ते लिहून पदकाखाली ठेवलं. सेक्रेटरीनं पदक आणि कागद दोन्ही उचलून माझ्या हातात दिले.

मुलगा अजून बोलत नाही. न बोलू दे. प्रदर्शन दर वर्षी भरतं. दर वर्षी मी जाणार. आत घेतलं नाही, तर हॉलच्या दाराशी फुटपाथवर उभा राहीन आणि मोठ्यानं सांगेन. मराठीत. समजणारे सगळे आतच असतील.