पडझड सरांचे दोन गोळे

मुलं त्यांना पडझड सर म्हणत, आणि हे सरांच्या कानावर गेलेलं होतं. रागवावं तर नाव काही खोटं नव्हतं. पडणाऱ्या वस्तूंचा धडा आला की सर टेबलावर चढत, उजव्या हातात लोखंडी गोळा, डाव्यात तेवढाच लाकडी गोळा धरत आणि दोन्ही सोडून देत. खाली पत्र्याचं झाकण पालथं घातलेलं असे. धाडकन आवाज झाला की सर विचारत, "कुठला आधी पडला?"

आणि सगळा वर्ग एका सुरात सांगे, "लोखंडी!"

या उत्तराने सरांचं आयुष्य नासलं होतं असं म्हटलं तर ते जास्तच होईल. संसार सुखाचा होता, जेवण वेळेवर मिळत होतं, मुलगी नोकरीला लागली होती. पण ते उत्तर म्हणजे चपलेतला खडा. दोन्ही गोळे एकदम पडायला हवेत, सरांना आवाजही एकच ऐकू येई, आणि ही कार्टी मात्र लोखंडी म्हणत. "डोळे उघडे ठेवा!" असं ओरडून सर पुन्हा गोळे टाकत. शेवटी कंटाळून मुलं "बरं सर, एकदम" म्हणत, परीक्षेतही तसंच लिहीत. मनातून मानत मात्र कुणी नसे. पालथ्या घड्यावर पाणी! निवृत्तीआधी एका तरी वर्गाने हे खरं मानावं, एवढीच सरांची इच्छा उरली होती.

उपाय सापडला स्वयंपाकघरात. मुलीने गळक्या नळाचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो अगदी सावकाश चालवून दाखवला. थेंब लोंबकळला, सुटला, रमतगमत खाली आला. सर चहा विसरून बघत राहिले.

"अगं, हे माझ्या मोबाइलमध्येपण आहे?"

"आहे की, बाबा. तुम्ही फक्त हवामान बघता."

"आधी नळ दुरुस्त करा," सरांची बायको म्हणाली, "मग काय बघायचं ते बघा."

नळ तसाच राहिला, आणि सर दुसऱ्या दिवशी वर्गात मोबाइल वापरायची परवानगी मागायला मुख्याध्यापिकाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. बाईंच्या शाळेत मुलाकडे मोबाइल सापडला की तो थेट त्यांच्या कपाटात जाई. याच बाई एकेकाळी सरांच्या वर्गात होत्या. "बरं सर, एकदम" असं न म्हणणारी ती एकच मुलगी. लोखंडीच आधी पडला म्हणून हटून बसली, तेव्हा सरांनी तिला अख्खा तास मागच्या भिंतीशी उभं केलं होतं. आता हुद्दा मोठा, म्हणून सर तिला एकांतातही मॅडम म्हणत.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, सर?" बाई म्हणाल्या. "गोळे डोळ्यांनी दिसतात की."

"दिसतात, मॅडम, पण पटत नाहीत. एकच तास द्या."

"दिला. पण उपयोग झाला नाही, तर मोबाइलचा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि मी स्वतः येणार."

त्या आल्या. खुर्ची पुढे केली तर "नको, उभीच बरी" म्हणून मागच्या भिंतीशी थांबल्या. चार-चार मुलांत एक मोबाइल, सगळे झाकणावर रोखलेले. सर टेबलावर चढले. धाडकन.

"आता सावकाश चालवा," सर ऐटीत म्हणाले, "आणि सांगा, कुठला आधी पडला?"

मुलांनी माना खाली घातल्या. मग कुणीतरी फिसकन हसलं.

"सर, लोखंडीच."

सर खाली उतरले, चष्मा पुसला आणि पहिल्या बाकावरचा मोबाइल हातात घेतला. पडद्यावर त्यांचाच उजवा हात उघडला. लोखंडी गोळा निघाला. डावा हात अजून मिटलेलाच! मग त्याची बोटं एकेक करून, नोकरीच्या शेवटच्या दिवशी किल्ल्या द्याव्यात तशी, नाइलाजाने सुटली. सरांनी ते पुन्हा बघितलं. मुलांचे डोळे इतकी वर्षं बरोबर होते. चुकत होता तो सरांचा डावा हात.

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागच्या भिंतीकडे बघायचं धाडस काही होईना.

"सर, हातच नको ना मग," एक मुलगी म्हणाली. "दोन्ही टेबलाच्या कडेला ठेवू आणि लांब पट्टीने एकदम ढकलू."

तिनेच ढकललं. मोबाइल पुन्हा रोखले गेले, व्हिडिओ सावकाश चालला. लोखंडी आणि लाकडी, दोघं शेजारी शेजारी खाली आले आणि झाकणाला एकदम टेकले.

"आईशप्पथ! एकदम!" वर्ग ओरडला. कुणी न सांगता ओरडला. पुन्हा करू, पुन्हा करू असा गलका झाला, आणि सरांना इतका आनंद झाला की त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही.

मग ते बाकांमधून वाट काढत मागे गेले.

"तू बरोबर बघितलं होतंस," ते म्हणाले. मॅडम म्हणायचं राहूनच गेलं. "उगीच शिक्षा केली मी तुला."

बाईंनी पर्समधून कपाटाची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "लागतील तेव्हा लागतील तेवढे मोबाइल काढत जा, सर."

आणि मग, शाळेत कुणी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "आता बसू का, सर?"